पूर्ण रिमोट कंपनीत चार महिने झाले, सगळे गोड बोलतात पण आपण कुठे उभे आहोत तेच कळत नाहीये. तुमचे अनुभव सांगा

नवी_भरती

मंडळी, आधीच सांगते पोस्ट लांब झालीये. हे सगळं शेजारच्या डेस्कवरच्या मैत्रिणीला सांगून मोकळी झाले असते पण आता डेस्क पण नाही आणि शेजार पण नाही, म्हणून तुमच्या डोक्याला ताप.

सहा वर्षं ऑफिसात काम केलं, चार महिन्यांपूर्वी एका पूर्ण रिमोट कंपनीत बॅकएंडला (सर्व्हरकडचं कोडिंग) लागले. पूर्ण म्हणजे पूर्ण, ऑफिस नावाची जागाच नाही, टीम चार टाइमझोनमध्ये पसरलेली. इंटरव्ह्यूमध्ये तीन वेगवेगळ्या लोकांनी तेच सांगितलं की आमच्याकडे असिंक चालतं (म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी ऑनलाइन असायची गरज नाही), मीटिंगा कमी, सगळं लिहून, तास कोणी मोजत नाही, काम झालं की झालं. मी खूश.

आता प्रत्यक्षात काय, तर कोणी वाईट वागत नाहीये हेच अवघड आहे. कोणी ओरडलं असतं तर निदान तक्रार तरी करता आली असती. उदाहरण सांगते. मी पुल रिक्वेस्ट टाकते (म्हणजे लिहिलेला कोड बाकीच्यांना तपासायला देते), दोन दिवस शुकशुकाट, मग तिसऱ्या दिवशी एका सीनियरची कमेंट की "हे आपण आता असं करत नाही ना, बदललंय". कधी बदललं? चॅनेल शोधला, विकी शोधली (विकीवर शेवटचा बदल मी लागायच्या कितीतरी आधीचा), कुठे काही नाही. खोदून खोदून विचारल्यावर कळलं की तीन जुन्या लोकांचा एक खासगी ग्रुप आहे, तिथे कॉल झाला आणि ठरलं. माझे चार दिवस पाण्यात.

दुसरं ते चॅटवर आपण ऑनलाइन आहोत हे दाखवणाऱ्या हिरव्या ठिपक्याचं. तास मोजत नाही म्हणाले होते, पण मॅनेजर एकदा सहज म्हणाले "काल दुपारी दिसली नाहीस". मी एक लांबलचक डिझाइन डॉक वाचत होते हो, तेही कंपनीचंच! तेव्हापासून काही वाचत बसले की मधूनमधून माउस हलवते. हे लिहितानाच लाज वाटतेय. सहा वर्षं ऑफिसात कोणी माझ्या खुर्चीकडे बघितलं नाही आणि इथे घरात बसून मी हजेरी लावतेय.

आणि गेल्या शुक्रवारी दिवस संपता संपता मेसेज, "जरा बोलायचं होतं, सोमवारी वेळ आहे का". बास, पुढे काही नाही. दोन दिवसांत माझा मनातल्या मनात राजीनामा लिहून, खोडून, परत लिहून झाला. सोमवारी कळलं रजेचा एक फॉर्म भरायचा राहिला होता.

तर प्रश्न असा की रिमोटमध्ये हे असंच असतं का, की ही कंपनीच अशी आहे, की मलाच जमत नाहीये? थांबू की दुसरीकडे बघायला लागू?

---

जुनं_खोड

ताई, नऊ वर्षं झाली रिमोटमध्ये, तीन कंपन्या बघितल्या, म्हणून मोठ्या तोंडाने बोलतो. तुमची कंपनी रिमोट नाहीये. ती ऑफिसवाली कंपनी आहे, फक्त ऑफिस काढून टाकलंय. बाकी सवयी तशाच, ज्याची जुनी ओळख त्याला बातमी आधी, समोर दिसेल तो काम करतोय, बाकीच्यांनी अंदाज बांधायचे.

मी आता इंटरव्ह्यूत संस्कृती, मूल्यं असलं काही विचारतच नाही, त्याची उत्तरं सगळ्यांची पाठ असतात. एकच विचारतो, तुमचा मागचा मोठा तांत्रिक निर्णय कुठे लिहिलाय ते दाखवा. दाखवता येत नसेल तर समजायचं. काहीजण म्हणतात गोपनीय आहे, ठीक, पण मग निदान सांगा तरी की कोणी लिहिला, कोणी विरोध केला, विरोध करणाऱ्याचं पुढे काय झालं. या शेवटच्या प्रश्नावर समोरचा जेवढा वेळ गप्प बसतो ना, त्यातच उत्तर असतं.

नीट चालणारं रिमोट कसं दिसतं ते बघायचं तर गिटलॅब या पूर्ण रिमोट सॉफ्टवेअर कंपनीचं हँडबुक उघडा, सगळ्या जगासाठी खुलं आहे, दोन हजारांवर पानं आहेत. सगळं पटेल असं नाही (मला त्यातलं बरंच अति वाटतं, प्रत्येक श्वासाला नियम), पण नवीन माणसाला विचारायला कोणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. आणि त्यांचा तो ३१ जानेवारी २०१७ चा किस्सा. रात्री डेटाबेसची दुरुस्ती चालू असताना एका इंजिनियरने चुकीच्या सर्व्हरवर डिलीट चालवलं, थांबवेपर्यंत साधारण ३०० जीबीतले साडेचार जीबी उरलेले, आणि बॅकअप बघायला गेले तर एकही धड नाही. शेवटी सहा तास जुन्या प्रतीवरून उभं केलं. चूक कोणाच्याही हातून होते, पण त्यांनी नोंदी सगळ्यांना दिसतील अशा डॉक्युमेंटमध्ये ठेवल्या, दुरुस्ती यूट्यूबवर लाइव्ह दाखवली, आणि रिपोर्टमध्ये त्या माणसाचं नाव न घालता बॅकअप का चालत नव्हते त्यावर भर दिला. मला कंपनीची संस्कृती बघायची असेल तर मी असली रात्र बघतो. वेलकम किटमधला टीशर्ट सगळेच देतात.

तुमच्यापुरता उपाय, आणि हा मी स्वतः करून बघितलाय: असं काही कानावर आलं की उघड चॅनेलमध्ये तुम्हीच लिहा, "माझ्या समजुतीप्रमाणे अमुक असं ठरलंय, त्यामुळे मी तमुक करतेय, चूक असेल तर उद्यापर्यंत सांगा". तक्रारीचा सूर नको. सुरुवातीला लोकांना खटकतं, मग तेच तुमचा मेसेज शोधत येतात कारण लिहिलेलं दुसरं काहीच नसतं.

---

कंटाळा_प्रो

"तास मोजत नाही" आणि "काल दुपारी दिसली नाहीस" एकाच कंपनीत. नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा.

---

दुसऱ्या_बाजूचा

मी टीम लीड आहे, म्हणजे या धाग्यातला खलनायक. तरी बोलतो.

"जरा बोलायचं होतं" वाला मेसेज मी कितीतरी वर्षं पाठवत होतो. मला अंदाजच नव्हता. ऑफिसात तुम्ही कोणाला हाक मारता तेव्हा तुमचा चेहरा दिसतो, हसताय की कपाळाला आठ्या आहेत ते तो माणूस तिथेच वाचतो. मेसेजमध्ये फक्त ते चार शब्द जातात आणि उरलेलं तो माणूस स्वतःच्या भीतीतून भरून काढतो. मला हे कळलं ते एका मुलीने राजीनामा देताना सांगितलं तेव्हा. तीन महिने ती शांत होती, काम वेळेवर, तक्रार शून्य, आणि मी वरच्यांना सांगत होतो की तिची काही काळजी नाही. शेवटच्या कॉलवर म्हणाली "सर, मी बरोबर करतेय की चूक हे तीन महिन्यांत तुम्ही एकदाही सांगितलं नाहीत". खरं होतं. ती गप्प म्हणजे सगळं ठीक असं मी धरलं, आणि मी गप्प म्हणजे मी नाराज असं तिने धरलं. आता पहिल्या ओळीतच विषय लिहितो, "रजेच्या फॉर्मबद्दल, घाई नाही". दहा सेकंद लागतात.

त्या तिघांच्या ग्रुपबद्दल: तसा ग्रुप माझाही होता, खरं सांगतो. त्यात कट वगैरे काही नसतो हो. उघड चॅनेलवर अर्धवट विचार टाकला आणि चुकला तर सगळ्यांसमोर तोंडघशी पडायची भीती, आणि वर आळस. तिघांत पटकन बोलून होतं. फक्त झालेलं बाहेर जाऊन लिहायचं काम प्रत्येकाला वाटतं दुसरा करेल. बाय द वे हे नुसतं आपल्याकडचं नाही, मायक्रोसॉफ्टच्याच संशोधकांनी स्वतःच्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांचा २०२० च्या पहिल्या सहा महिन्यांचा डेटा बघितला होता, २०२१ मध्ये छापून आलं. सगळे घरी गेल्यावर लोक आपापल्या ओळखीच्या गटात आणखी घट्ट झाले, आणि एकत्र कामाच्या वेळातला दुसऱ्या गटातल्या लोकांबरोबरचा वाटा साधारण पाव हिश्श्याने घटला. म्हणजे कोणी मुद्दाम दार लावलं नाही तरी दार लागतं. नवीन माणूस बाहेर राहतो कारण त्याची जुनी ओळखच नसते.

दुपारी दिसली नाहीस याबद्दल मात्र मॅनेजरना थेट विचार. मनात ठेवू नकोस. कदाचित काळजीने विचारलं असेल, कदाचित खरंच ठिपका बघत असतील. दोन्हीपैकी काय ते कळलेलं बरं.

---

नवी_भरती

@दुसऱ्या_बाजूचा तुमची पोस्ट वाचून जरा गलबलून आलं कारण ती मुलगी म्हणजे मीच की काय असं वाटलं (नाहीये, आमचे मॅनेजर एवढं लिहिणार नाहीत 😅). पण विचारू कसं? "तुम्ही माझा ठिपका बघता का" असं विचारलं तर चोराच्या मनात चांदणं असं नाही का होणार, माउस तर मी खरंच हलवते.

---

रात्रपाळी

तुझं प्रकरण सौम्य आहे बये. मी रिमोट सपोर्टला होते, दुसऱ्या कंपनीत. तिथे लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर, दर काही मिनिटांनी स्क्रीनचा फोटो, आणि कीबोर्ड माउसच्या हालचालीवरून टक्के. टक्के खाली गेले की आपोआप मेल, त्याची कॉपी मॅनेजरला. आता सपोर्टचं काम काय, तर वैतागलेल्या माणसाचं ऐकून घेणं. मी एका ग्राहकाचं पाऊण तास ऐकून घेतलं, त्याने शेवटी थँक्यू म्हणलं, फोन ठेवते तर मेल आलेला, तुमची ॲक्टिव्हिटी कमी आहे. ऐकायला बोटं हलवावी लागत नाहीत हे त्या सॉफ्टवेअरला कोण सांगणार.

मग सगळे शिकले. एकजण कॉल चालू असताना रिकाम्या फाइलमध्ये काहीबाही टाइप करायचा, टक्के नव्वदच्या वर, महिन्याचा बेस्ट परफॉर्मर पण झाला, मी अजिबात अतिशयोक्ती करत नाहीये. जी खरंच चांगली होती, जिच्याकडे सगळे अवघड तिकिटं (ग्राहकांच्या तक्रारी) ढकलायचे, ती पहिली सोडून गेली. ज्यांना पर्याय होता ते गेले, ज्यांना नव्हता ते टाइप करत बसले, मी दुसऱ्या गटात होते अजून आठ महिने.

आणि गेले म्हणजे कसे गेले ते पण सांगते. ऑफिसात माणूस जातो तेव्हा निदान खोका घेऊन जाताना दिसतो. इथे सकाळी लॉगिन केलं तर टीममधली दोन नावं करड्या रंगात, बस्स. कोणी बोलेना, कोणी विचारेना. दुपारी एचआरचं एक ओळीचं ईमेल. त्यातल्या एकीशी मी दीड वर्ष रोज बोलत होते, तिचा नंबरच नव्हता माझ्याकडे, कारण कधी लागलाच नाही, चॅटवर होतीच ना. म्हणून सांगते, बाकी काही करा न करा, ज्यांच्याशी पटतं त्यांचा कंपनीबाहेरचा संपर्क आजच घेऊन ठेवा.

रात्री उशिरा येणाऱ्या मेसेजचं पण असंच. काही देशांत कामानंतर उत्तर न देण्याचा हक्क कायद्यात आहे, फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून, ऑस्ट्रेलियात २०२४ पासून. आमच्या टीममध्ये अशा देशातला एकजण होता, तो सहाला बंद म्हणजे बंद. आम्ही बाकीचे त्याच्यावर जळायचो, आणि त्याच्यावरच चिडायचो पण! चिडायला पाहिजे होतं कोणावर आणि चिडलो कोणावर.

---

कानसेन

सगळे एकाच दिशेने चाललेत म्हणून थोडा उलटा सूर.

मला एका कानाने ऐकू येत नाही, दुसऱ्याने अर्धवट. अकरा वर्षं ऑफिसात काढली. मीटिंगरूममध्ये आठ माणसं एकदम बोलायला लागली की मी नुसता ओठांकडे बघत बसायचो, सगळे हसले की मी पण हसायचो, काय झालं ते नंतर कोणालातरी विचारायचं, आणि तो सांगणार "काही नाही रे, असंच". त्या "काही नाही रे असंच" मध्ये माझी दोन प्रमोशनं गेली असं मला आजही वाटतं. निर्णय तर पॅसेजमध्येच व्हायचे, मला पॅसेजमधलं कधीच ऐकू आलं नाही.

रिमोटला आल्यावर पहिल्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की मला सगळं कळतंय. सगळं. कॉलला कॅप्शन, बाकीचं लिहिलेलं. पहिल्यांदा मी एका चर्चेत वेळेवर विरोध केला, दोन दिवसांनी नाही. लोक म्हणतात रिमोटमध्ये आपुलकी नसते, असेल बुवा, मला ऑफिसातली आपुलकी कधी ऐकूच आली नव्हती.

त्यामुळे @जुनं_खोड, तुम्ही म्हणता ही ऑफिसची सवय आहे ते पटलं, पण मग "बिचारी रिमोटमध्ये अडकली" असा जो सूर लागलाय तो नको. खासगी ग्रुप ऑफिसात पण होता, फक्त त्याला कोणी ग्रुप म्हणत नव्हतं. फरक इतकाच की आता नवी_भरतीसारख्या ज्यांना ऑफिसात सगळं आपोआप कळायचं त्यांनाही कळेनासं झालंय.

---

जुनं_खोड

@कानसेन कान उपटलेत, मान्य. हा विचार नऊ वर्षांत माझ्या डोक्यात आला नव्हता.

तरी एक आहे, ज्याला मानवतं त्याला मानवतं. सीट्रिप म्हणून चिनी ट्रॅव्हल कंपनी, त्यांच्या कॉल सेंटरवर अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि मंडळींनी नऊ महिने प्रयोग केला होता, २०१५ ला पेपर आला. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. भारीच ना? पण प्रयोग संपल्यावर पुढे काय ते निवडा म्हटलं तर घरी बसलेल्यांपैकी जवळपास निम्मे ऑफिसात परत गेले, एकटं वाटतं म्हणून. आणि हे सगळे स्वतःहून घरून काम मागणारे लोक होते हां! त्यातच अजून एक बारीक गोष्ट आहे, तेवढंच चांगलं काम करूनही घरच्यांना बढती कमी मिळाली. दिसेल तोच आठवतो, बाकी काय.

---

कानसेन

त्यांच्यात अर्धे घरी, अर्धे ऑफिसात होते म्हणून. सगळेच घरी असले की कोण कोणाला दिसणार.

---

कंटाळा_प्रो

तिघांचा ग्रुप दिसणार 🙂

---

नवी_भरती

तीन आठवड्यांनी परत येतेय, बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं म्हणून.

जुनं_खोड यांचा उपाय केला. पहिल्यांदा "माझ्या समजुतीप्रमाणे" लिहिलं तर कोणीच काही बोललं नाही, एकाने डोळ्यांचा इमोजी टाकला, त्याचा अर्थ काय तो शोधण्यात अर्धा दिवस गेला. दुसऱ्यांदा मजा झाली. मी लिहिलं की रांगेतले मेसेज (एका प्रोग्रामकडून दुसऱ्याला जाणारे) पुन्हा पाठवायची जबाबदारी आता आपल्या सर्व्हिसकडे आहे असं धरून मी पुढे जातेय. तर त्या तिघांपैकी एक म्हणाला बरोबर, दुसरा म्हणाला छे, ती पाठवणाऱ्याकडे ठेवायचं ठरलंय, आणि तिसरा म्हणाला अजून काही ठरलेलंच नाही! म्हणजे महिनाभर मी जे मला सांगितलं नाही म्हणून कुढत होते ते त्या तिघांनाच एकमेकांत माहीत नव्हतं. पुढे चाळीसेक मेसेजचा वाद झाला, उघड चॅनेलमध्ये, आणि शेवटी दुसऱ्याने स्वतः विकीवर पान लिहिलं. मी फक्त बघत होते, इतकं बरं वाटलं.

मॅनेजरशी पण बोलले. दुसऱ्या_बाजूचा यांचं ऐकून सरळ विचारलं, "त्या दिवशी दिसली नाहीस म्हणालात ते कामाबद्दल होतं का". ते जरा अडखळले. मग म्हणाले मी बघत नाही, पण वरून मला विचारतात कोण किती वेळ असतं, मग मीही विचारतो. प्रामाणिकपणे सांगितलं हे आवडलं, जे सांगितलं ते नाही आवडलं. मी म्हटलं वाचायचं काम असेल तेव्हा स्टेटसला "वाचतेय, दोन तासांनी भेटा" असं टाकेन, चालेल का. चालेल म्हणाले. वरच्यांना चालेल का ते त्यांनाही माहीत नाही. माउस हलवणं बंद केलंय. म्हणजे जवळजवळ.

रात्रपाळी, तुझं ऐकून टीममधल्या तिघांचे नंबर घेतले. त्यातला एक तो इमोजीवाला निघाला, डोळे म्हणजे "वाचलं, बघतो" असा अर्थ होता म्हणे.

सोडायचं की नाही ते अजून ठरवलं नाहीये, रिव्ह्यू दीड महिन्यावर आलाय, तेव्हा काय लिहून देतात ते बघते. दोन ठिकाणी रेझ्युमे मात्र टाकून ठेवलाय.

---

दुसऱ्या_बाजूचा

रिव्ह्यूपर्यंत थांबू नकोस. मॅनेजरबरोबरच्या पुढच्या वन ऑन वनलाच (दोघांच्याच मीटिंगला) विचार की आज रिव्ह्यू असता तर काय लिहिलं असतं, आणि उत्तर मिळालं की त्यांनाच लिहून पाठव, "आज तुम्ही असं म्हणालात". रिव्ह्यूच्या दिवशी आम्हा लोकांना मागचा पंधरवडाच आठवतो.

---

कानसेन

आणि तुमच्या कॉलला कॅप्शन चालू असतात का? टीममध्ये माझ्यासारखा कोणी असेल तर तो स्वतःहून सांगणार नाही.

---

नवी_भरती

@कानसेन कालपासून चालू केलेत, मीच सुचवलं. ते माझं नाव दर वेळी वेगळंच लिहितात, पण टीममधल्या एकाने नंतर वेगळा मेसेज करून थँक्स म्हटलं. कशाबद्दल ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.